बिनदाराच्या घरातलं इंटिग्रेशन

गणितात नापास झाल्यावर माणसाला निदान तोंड लपवून रडता यावं. आमच्या घरात तेवढीही सोय नाही. घर शनिशिंगणापूरचं, म्हणजे चौकट आहे, उंबरा आहे, वर आंब्याच्या पानांचं तोरणही आहे, फक्त दार नाही. देव राखण करतो, मग दार कशाला, असं गावानं फार पूर्वी ठरवून टाकलं. रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून आम्ही एक फळी आडवी टेकवतो. सकाळी फळी भिंतीला जाते, आणि मग दिवसभर ज्याला यायचं तो आत.

बारावीचा निकाल मोबाईलवर लागला आणि थोड्याच वेळात घर भरलं. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या, घरात कुणी गेल्यावर आणतात तशी. चुलत्यांनी "कितीनं गेला?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत "जाऊ दे, जाऊ दे" म्हणून चहा मागितला. मी आतल्या खोलीत गोधडीत तोंड घालून पडले होते, तर गल्लीतली एक म्हातारी सरळ आत आली, पायाशी बसली आणि माझे पाय चेपत म्हणाली, "आमच्या नातीचं बी आसंच झालं हुतं गं. आता दोन पोरं हायेत तिला." ते ऐकून माझं रडूच थांबलं.

कारण खरी भीती तीच होती. वडलांना आम्ही आण्णा म्हणतो. मंदिराच्या रस्त्याला आमचा पूजेच्या सामानाचा स्टॉल आहे, तेल, रुईच्या माळा, काळे उडीद. आण्णा काही दुष्ट नाहीत, पण एकदा बोलले की बोलले. सगळे गेल्यावर ते म्हणाले, "जुलैत परत पेपर दे. निघाला तर नगरला कॉलेजात घालतो, माझा शब्द. न्हाई निघाला तर स्टॉलवर बस. मग जे पावणे येत्याल त्यांना मी परत धाडनार न्हाई." जिल्ह्याचं नाव बदललं तरी आण्णांच्या तोंडी नगरच आहे. नंतर ते हात धुवायला उठले, आणि मला कळलं की आता माझं सगळं आयुष्य एका पेपरावर आलंय.

आता ह्यात राग येण्यासारखी गोष्ट अशी, की मला गणित येत होतं. नुसतं येत नव्हतं, आवडत होतं. वर्गात सर फळ्यावर इंटिग्रेशन लिहून हात झटकायचे तोवर माझं अर्धं झालेलं असायचं. चूक व्हायची ती एकच. घाईत मी कंस उघडायचे आणि बंद करायला विसरायचे, मग बाहेरचं वजाचं चिन्ह पहिल्याच पदाला लागायचं आणि उत्तर बोंबलायचं. सर वही वर धरून वर्गाला दाखवायचे, "बघा रे, हिच्या गावात कंसालासुद्धा दार नसतं." वर्ग हसायचा, मीपण हसायचे. मला कुठं माहीत होतं पुढं काय वाढून ठेवलंय.

मार्चच्या पेपरात झालं ते असं. एक गणित होतं इंटिग्रेशनचं, शून्यापासून पाय बाय टूपर्यंत. वर रूट साइन, खाली रूट साइन अधिक रूट कॉस. सरळ सोडवायला गेलं तर ते जन्मात सुटत नाही. त्याची युक्ती असते. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालायचं, की साइनचा कॉस होतो आणि कॉसचा साइन. मग पहिलं आणि हे दुसरं एकमेकांत मिळवायचं. वर-खाली सारखंच होऊन नुसता एक उरतो, आणि जे आलं त्याच्या निम्मं उत्तर. दोन मिनिटांचं काम. हे मी चुलीपुढं बसून केलंय, स्टॉलवर तेलाच्या बाटल्या भरता भरता केलंय. आणि त्या दिवशी मला ते आठवेना. डोकं कोरं झालं. कानात शू असा आवाज यायला लागला, तळव्यांना इतका घाम की पेन निसटायचं. मी ड्रेसला हात पुसत राहिले. त्या एका गणितात अडकले ते अडकलेच, मागची मॅट्रिक्सची सोपी गणितंसुद्धा नुसती बघत बसले.

घरी मी ह्याचं खापर घरावर फोडलं. मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं, की दोष दाराचा आहे. कुणी पाणी मागतं, कुणी मोबाईल चार्जिंगला लावतं, कुणी विचारतं चप्पल कुठं ठेवू, कुणी नुसतंच टेकतं. अशा घरात ज्याचा अभ्यास होईल त्याला नमस्कार. म्हणून एका संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "मला दार पाहिजे. जुलैपर्यंतच. नंतर काढून टाका."

आण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरं काय बी माग, बाई." मी म्हणाले, मग मी नापासच होणार. माझाही आवाज चढला. आण्णा ताटावरून उठले. आमच्या घरात ताटावरून कुणी उठत नाही.

आई माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "दार कशाला लागतंय, मी बसते की."

मला वाटलं समजूत घालतेय. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पोतं घेतलं, चौकटीत अंथरलं आणि खरंच उंबऱ्यावर बसली. ह्यात काय मोठं, असं ज्याला वाटेल त्यानं माझी आई पाहिलेली नाही. उंबऱ्यावर बसू नये म्हणून लहानपणी तिनं आमच्या पाठीत धपाटे घातलेत. पाव्हणा उंबऱ्यावर टेकला तरी ती म्हणायची, "आत या नायतर भाईर बसा." तीच आता तिथं पाय दुमडून बसली, माझ्याकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड. मांडीवर कापूस घेतला आणि देवाच्या वाती वळायला लागली, आणि मी तिच्या पाठीमागं सतरंजीवर तीन तासांचा सरावाचा पेपर मांडला.

तिचं दार होणं बघण्यासारखं होतं. कुणी आलं की ती उठायची नाही, आवाजही चढवायची नाही. हात नुसता आडवा धरायची, एसटी थांबवतात तसा.

"काय गं, आत कोन हाय?"

"पोरीचा पेपर हाय."

"आज? घरात?"

"व्हय, रोजच हाय. सांजच्याला या."

चुलते एकदा तिला ओलांडूनच आत यायला निघाले, मोठे म्हणून. आईनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि पाय तेवढे लांब केले. चुलते तिथूनच माघारी फिरले. तेव्हापासून त्यांनी आण्णांशी धड बोलणं ठेवलं नाही.

पण खरं सांगू, शांतता मिळाली आणि माझी भीती वाढली. आधी अडलं की मी आल्यागेल्याला दोष द्यायचे. आता समोर फक्त गणित आणि मी. अडलं म्हणजे मलाच अडलं. पुन्हा हात ओले. जुलै जवळ येत चालला होता आणि मला स्वप्नातसुद्धा पाय बाय टू दिसायचं. कधी कधी पेन थांबायचं आणि मी तशीच बसून राहायचे, आईच्या पाठीकडं बघत. तिच्या पोलक्याला मागं एक ठिगळ होतं, निळ्यावर हिरवं. ते बघत बघत श्वास जागेवर यायचा, मग पेन पुन्हा चालायचं. मागं न वळताच ती कधी विचारायची, "अडलं का गं?" मी म्हणायचे, "नाही, विचार करतेय." ती म्हणायची, "कर, कर. बसलेच हाय मी."

एकदा तिनं विचारलं, असं कसलं असतं गं हे. त्या दिवशी नेमकं खिडकीचं गणित होतं. खाली चौकोन, वर अर्धगोल अशी खिडकी, कडेची एकूण लांबी ठरलेली, तर जास्तीत जास्त उजेड यायला मापं काय ठेवावीत. डेरिव्हेटिव्ह काढायचा, शून्याला ठेवायचा. उत्तर छान येतं, चौकोनाची उंची आणि वरच्या अर्धगोलाची त्रिज्या सारखीच. मी तिला सांगितलं, खिडकी केवढी ठेवली म्हणजे जास्त उजेड येईल, ते काढतेय. आई हसली. "येवढी डोकेफोड? दारच ठिवू न्हाई, मंग उजेडच उजेड." मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

त्याच महिन्यात शनिवारी अमावस्या आली. आमच्याकडं शनी-अमावस्या म्हणजे काय असतं ते सांगून कळणार नाही, रस्त्याला मुंगी शिरायला जागा नसते. त्या दिवशी स्टॉलवर आई नाही म्हणजे आण्णांचे दोन हात तुटल्यासारखे. आण्णा सकाळपासून तीनदा येऊन गेले. शेवटी म्हणाले, "आजच्या दिस तरी चल. तेल कोन देनार, माळा कोन देनार?"

आई म्हणाली, "पोरीचा पेपर हाय."

"रोजचाच हाय तो!"

"मंग रोजच बसनार. तुमी तुमच्या भावाला घ्या हाताखाली, लई दिस झाले रुसून बसल्यात." आण्णा पुटपुटत गेले. चुलते खरंच गेले स्टॉलवर, आणि दोघांचं बोलणंही सुरू झालं.

त्याच दुपारी आईनं स्वतःचा नियम मोडला. परगावची एक बाई उन्हानं लाल झालेलं तान्हं पोर घेऊन उंबऱ्याशी आली. आईनं हात आडवा धरला, मग पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. पोर ठेवून बाई दर्शनाच्या रांगेत गेली आणि ते माझ्या सतरंजीच्या कडेला झोपलं, तोंडात अंगठा घालून. रस्त्यावर भोंगे, जयजयकार, गाड्यांचे हॉर्न. पोर मधेच कुरकुरलं की मी डाव्या हातानं थोपटायचे आणि उजव्या हातानं लिहायचे. आणि काय सांगू, त्या दिवशीचा पेपर माझा सगळ्यात चांगला गेला. सोडवलेले पेपर मी शाळेतल्या सरांना दाखवायचे, त्यांनी हा तपासून विचारलं, "ह्या दिवशी काय खाल्लं होतंस?" ह्यातनं जे कळायला हवं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

जुलैचा पेपर तालुक्याच्या गावी होता. आईनं आधीच सांगितलं होतं, "मी काय येत न्हाई. शाळेत बसवत्याल का मला उंबऱ्यावर?" आण्णांनी मोटारसायकलवर सोडलं. फाटकाशी उतरवताना ते म्हणाले, "पानी पी मधनं मधनं." त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

खोलीत पर्यवेक्षक सर म्हातारे होते, चष्मा दोरीला अडकवलेला. पेपर वाटले, घंटा झाली, आणि त्यांनी खोलीचं लोखंडी दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा खण्ण असा आवाज झाला.

आणि तेवढ्यात मला सगळं कळलं. मार्चमध्येही हाच आवाज झाला होता. ह्याच्यानंतरच डोकं कोरं झालं होतं. जन्मात मी कधी बंद दाराच्या आत बसले नव्हते. आमच्या शाळेची दारं उन्हाळ्या-पावसाळ्यात सताड उघडी असायची, घराला तर दारच नाही. मार्चमध्येसुद्धा बाकीच्या पेपरांना दार उघडंच होतं, गणितालाच कॉपी नको म्हणून लावून घेतलं होतं. मी घरी भांडून जे मागितलं होतं, तेच मला गिळायला बसलं होतं, आणि मी मूर्खासारखी घराला शिव्या देत होते. हे कळून काही उपयोग मात्र नव्हता. उलट भीती दुप्पट झाली, कारण दार तर लागलंच होतं.

बरोबर पर्याय निवडायचे प्रश्न कसेबसे झाले. पान उलटलं तर तेच. वर रूट साइन, खाली रूट साइन अधिक रूट कॉस. फक्त ह्यावेळी पाय बाय सिक्सपासून पाय बाय थ्रीपर्यंत. कानात शू सुरू झालं. मी समोर पाठ शोधली. निळं पोलकं, हिरवं ठिगळ. समोर बंद लोखंड होतं.

मी उभी राहिले. "सर, दार थोडं उघडं ठेवता का?"

"भरारी पथक फिरतंय पोरी, नोकरी घालवतेस का माझी?" पण माझा चेहरा बघून ते जवळ आले. "बरं वाटत नाही का? जा, खिडकीपाशी जाऊन पाणी पी. हवा लागेल."

खिडकीला गज होते. बाहेर मैदान, मैदानापलीकडं फाटक, फाटकावर पोलीस, आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या अल्याड पंक्चरच्या दुकानाचं छप्पर. छपराखाली टायरांच्या ढिगाशेजारी एक बाई पोतं अंथरून बसली होती. शाळेकडं पाठ. रस्त्याकडं तोंड.

एवढ्या लांबून ठिगळ काही दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर पुढं-मागं होत होता, वाती वळताना होतो तसा. आम्ही निघाल्यावर मागनं एसटी पकडून आली असणार. शाळेत उंबऱ्यावर बसू देत नाहीत, म्हणून जिथवर बसू देतात तिथं बसली होती.

तेवढ्यात रस्त्यानं भंगारवाल्याचा टेम्पो आला, भोंग्यावर तेच ते रेकॉर्ड, लोखंड, पत्रा, जुनी बॅटरी. आईनं न उठता हात आडवा केला. टेम्पो थांबला. ती काहीतरी बोलली, तिनं अंगठ्यानं मागं शाळेकडं दाखवलं, आणि भोंगा 'जुनी बॅट' वर बंद पडला. टेम्पो गुपचूप निघून गेला. काय बोलली असेल ते मला ऐकू यायची गरज नव्हती, रोज दुपारी तेच ऐकलं होतं.

मी पाणी प्यायले. जागेवर येऊन बसले. हात ओलेच होते, भीती काही जादूनं विरघळली नाही. पण माझ्या पाठीमागं, भिंतीपलीकडं, मैदानापलीकडं ती बसली होती, आणि ती बसलीय तोवर हे दार नुसतं लोखंड आहे, असं मी मनाला बजावत राहिले. पाय बाय सिक्स आणि पाय बाय थ्री मिळवले की पाय बाय टू. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स. कंस उघडला. कंस बंद केला. साइनचा कॉस झाला, कॉसचा साइन. दोन्ही मिळवलं, एक उरला. पाय बाय सिक्स, त्याचं निम्मं, पाय बाय ट्वेल्व्ह. लिहिताना अक्षर हलत होतं, पण उत्तर हललं नाही. मग मॅट्रिक्स घेतलं, मग रेषांचं, मग परत इंटिग्रेशन. मधे दोनदा भीतीची लाट आली, दोन्ही वेळा सरांनी न विचारता मला खिडकीशी जाऊ दिलं. दोन्ही वेळा ती तिथंच होती.

निकाल पुढं लागला, आणि मी सुटले. आण्णांनी शब्द पाळला, आता मी नगरला शिकते. निकालाच्या दिवशी घर पुन्हा भरलं, पाय चेपणारी म्हातारीसुद्धा पेढा मागायला आली. ते सगळं झालं. पण माझ्या मनात राहिलाय तो पेपरचा दिवस, फाटकाबाहेरचा.

घंटा झाली, कडी निघाली, आणि पोरं धो धो बाहेर पडली. मी फाटकाबाहेर आले तेव्हा ती अजून तशीच बसली होती, माझ्याकडं पाठ करून. घंटा तिला ऐकू आली नसेल असं नाही. मी पुढं येऊन उभी राहिले तेव्हा तिनं मान वर केली. डोळे लाल झाले होते, धुळीनं म्हणा. सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नव्हतं हे ओठांवरून दिसत होतं. वाती तिनं पदराच्या टोकात बांधल्या, गुडघ्यावर हात देऊन उठली, पोतं झटकलं. पेपर कसा गेला, किती सुटले, काही विचारलं नाही.

शाळेकडं एकदा बघून ती म्हणाली, "मधी कोन आलं न्हाई ना?"

मी म्हणाले, "नाही आई. कुणीच नाही आलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पोतं काखेत मारून एसटी स्टँडकडं चालायला लागली.